श्रेयनामावलीबाहेरचे जॅझवादक

टोलनाक्यामुळे सर्वांना ठाऊक झालेल्या मावळातील उर्से गावी मागे एका वरातीला जाण्याचा योग आला. बँडवाल्यांनी ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटातील गाणे धरले आणि शाळकरी पोरांपासून फेटेवाल्या म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांचे पाय थिरकू लागले. आपण अमेरिकेतील जॅझच्या वळणावर नाचत आहोत असे त्यांना कोणी सांगितले असते, तर ती थट्टाच वाटली असती.

न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत विसाव्या शतकाच्या आरंभी आकारास आलेले हे संगीत आपल्याकडे रुजले ते प्रामुख्याने मुंबई व कलकत्त्याच्या हॉटेलांतून. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय वादकांचा ताफा मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. मागाहून पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. श्रोतृवर्ग साहेबांचा, संस्थानिकांचा आणि धनिकांचा. परंतु ही विद्या खऱ्या अर्थाने आत्मसात केली ती गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. पोर्तुगीज अमदानीत तेथील चर्चच्या शाळांतून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकविले जाई. गोव्यात या विद्येला पुरेशी बाजारपेठ नव्हती; मुंबईत होती. धोबीतलावच्या आसपास गावोगावच्या मंडळींनी चालविलेल्या ‘कुडां’त उतरायचे आणि काम शोधायचे, हा त्यांचा शिरस्ता. अर्थशास्त्राच्या वर्गात श्रमिकांचे स्थलांतर शिकविताना आम्ही गिरणी कामगारांचे उदाहरण देतो. हेही देण्याजोगे आहे.

१९४७ साली साहेब गेला, पाठोपाठ संस्थानिकांचा डौल ओसरला, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने हॉटेलांतील रात्रींची रया गेली. एक दार बंद होत असताना दुसरे मात्र उघडले होते. हिंदी चित्रपटांना मोठे वाद्यवृंद हवे होते. पन्नास वादकांना एकत्र वाजवायचे तर प्रत्येकापुढे लिहिलेला कागद हवा, आणि तो लिहिणारे-वाचणारे हात गोव्याचे होते. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेले. त्यांच्या जोडीला हळदोण्याचे ट्रंपेटवादक आंतोनियो झेवियर वाझ आले. मुंबई त्यांना चिक चॉकलेट म्हणून ओळखे आणि ‘भारताचा लुई आर्मस्ट्राँग’ म्हणे. ‘अलबेला’ हे या जोडीचे फळ. शंकर-जयकिशन यांच्यासाठी हेच काम सेबॅस्टियन डिसोझा यांनी वर्षानुवर्षे केले.

जॅझचा प्राण उत्स्फूर्ततेत. आपल्या ख्यालगायकासारखा वादकही सुचेल तसा विस्तार करतो. तोच वादक दिवसा इतरांसाठी एकेक स्वर कागदावर बांधून देऊ लागला. पोट भरले हे खरे, आणि त्यात कमीपणा काहीच नाही. पण चालीचे नाव संगीतकाराचे, शब्दांचे कवीचे. गाण्याला भरणारा वाद्यमेळ ज्याने रचला तो फार तर ‘सहायक’ ठरे, आणि वादकांचे नाव बहुधा कोठेच नसे. मजुरी दिवसाची, रेकॉर्ड पुढे कितीही खपो.

२०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार, संगीतकार आणि सादरकर्ते कलावंत यांच्या रॉयल्टीची तरतूद झाली. वादकही सादरकर्त्यांच्या व्याख्येत येतो. मात्र त्याच दुरुस्तीत एक पुस्ती आहे: चित्रपटात ज्याचे काम प्रासंगिक वा आनुषंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजानुसार ज्याचे नाव श्रेयनामावलीत येत नाही, तो काही अपवाद वगळता सादरकर्ता मानला जाणार नाही. ज्या रिवाजाने नाव गाळले, त्याच रिवाजाचा आधार हक्क नाकारण्यास मिळावा, हे मला तरी न्यायाचे वाटत नाही. ‘प्रासंगिक’ कोण, हे ठरविताना नामावलीकडे बोट दाखविणे निर्मात्याला सोपे, वादकाला अवघड.

‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. ते माजोर्ड्याच्या एका व्हायोलिनवादकाचे, प्यारेलाल यांच्या गुरूंचे नाव होते. शिष्याने ते गाण्यातून अजरामर केले. कायद्याची दुरुस्ती झाली त्याच वर्षी, २०१२ साली, गोन्साल्विस गोव्यात वारले.