महापालिकेच्या शाळांचा निकाल कसा वाचावा?

वार्षिक परीक्षांचे निकाल जाहीर झाले, की आपल्या शहरात शाळांची दोन गटांत वाटणी होते. एका गटातील शाळांच्या फाटकांवर गुणवंतांची छायाचित्रे झळकतात. दुसऱ्या गटाविषयी सुशिक्षित माणूस मान हलवून एवढेच म्हणतो, ‘महापालिकेची शाळा, तेथून काय निघणार?’ आजवर हे उद्गार फार तर अन्यायाचे होते. परंतु २०२३ साली राज्य शासनाने पाचवी व आठवीच्या वर्गांना वार्षिक परीक्षा पुन्हा लागू केली आणि पुरवणी परीक्षेतही अनुत्तीर्ण झालेल्या मुलास त्याच वर्गात ठेवण्याची तरतूद केली. तेव्हापासून सहावी ते आठवी ही तीन वर्षे केवळ शाळेच्या नावलौकिकाची राहिलेली नाहीत. मुलाचे एक वर्ष, आणि पुष्कळदा त्याचे सारे शिक्षण, त्यांवर अवलंबून आहे. म्हणूनच हा निकाल कसा वाचावा, याचा विचार करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम या वर्गांत कोण बसते ते पाहू. १८७७ साली सोलापुरात जुनी गिरणी सुरू झाली आणि हातमागांच्या या गावाचे गिरणगाव होऊ लागले. तेलंगणातून विणकर आले, शेजारच्या कन्नड मुलखातून कष्टकरी आले, मराठवाड्यातून दुष्काळाने हुसकलेली कुटुंबे आली. मोमीन विणकर तर आधीपासूनच येथे होते. १२ जानेवारी १९३१ रोजी फासावर गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा या चार हुतात्म्यांची नावे नुसती वाचली, तरी हे शहर किती परींच्या घरांनी बनले आहे ते कळते. १९६४ साली स्थापन झालेल्या आपल्या महानगरपालिकेस त्यामुळेच मराठी, उर्दू, कन्नड व तेलुगू अशा माध्यमांच्या शाळा चालवाव्या लागल्या. एकेकाळी या शाळांत व्यापाऱ्याचा, कारकुनाचा आणि गिरणी कामगाराचा मुलगा एकाच बाकावर बसत असे. पुढे गिरण्या बंद पडल्या, वरचा वर्ग खासगी शाळांकडे गेला, आणि बाकावर यंत्रमाग कामगारांची, विडी वळणाऱ्या बायांची व बांधकामावरील मजुरांची मुले तेवढी उरली.

या घरांतील दिवस कसा जातो, याची कल्पना आपणांपैकी पुष्कळांस नसते. आई विडी कारखान्याच्या शाखेतून पान, तंबाखू व सूत आणते. पाने भिजवणे, कापणे, विड्या वळणे हे काम दिवसभर घरातच चालते. मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने, आणि खराब म्हणून काढलेल्या विड्या तीतून वजा होतात. बाप मागावर पाळीने राबतो. रात्रपाळी असली तर तो दिवसा त्याच एका खोलीत निजलेला असतो. धाकट्या भावंडांना सांभाळणे आणि पाणी भरणे थोरल्या मुलीकडे येते. तिच्या पुस्तकाला दिव्याखालचा एक कोपरा मिळाला तरी पुष्कळ.

भाषेची अडचण तर याहून सूक्ष्म आहे. पूर्वभागातील तेलुगू घरातील मुलगा मराठी शाळेत येतो. पहिलीपासून इंग्रजी असते. पाचवीपासून हिंदीची भर पडते. सहावीत पाऊल टाकतो तेव्हा तो चार भाषांचा भार वाहत असतो. चौथीपर्यंत मूल वाचायला शिकते. सहावीपासून त्याने वाचून शिकावे, अशी अपेक्षा असते. विज्ञानातील ‘बाष्पीभवन’ वा भूगोलातील ‘अपक्षय’ हे शब्द मराठी घरातील मुलालाही नवे असतात. या मुलाच्या बाबतीत त्यांचा अर्थ सांगणारे वाक्यही परके असते. गणितात तो चुकतो तेव्हा पुष्कळदा चुकते ते गणित नसून उदाहरणाचे वाचन असते. गुणपत्रिकेत मात्र हा भेद कोठेच उमटत नाही.

तेव्हा निकालावर घराची छाया असते, हे उघड आहे. अमेरिकेत १९६६ साली जेम्स कोलमन यांनी सुमारे ४,००० शाळा व सहा लाखांवर विद्यार्थी तपासून हेच दाखविले: इमारती व साधने यांतील फरकापेक्षा मुलाचे घर, आणि त्याच्यासोबत वर्गात बसणारी मुले, यांचा परिणाम अधिक होतो. परंतु येथे एक धोका आहे. ‘घरच असे, तर शाळा काय करणार?’ हे समर्थन शिक्षकास व प्रशासनास फार सोयीचे पडते. इंग्लंडमध्ये २००६ पासून विद्यार्थ्यांची सामाजिक परिस्थिती हिशेबात घेऊन शाळांचे मोजमाप होत असे. गरिबांच्या मुलांकडून कमीच अपेक्षा ठेवण्याची सवय तीमुळे पक्की होते, अशी टीका झाली, आणि काही वर्षांतच ती पद्धत सोडून देण्यात आली. त्यानंतर तेथे मूल कोठून निघाले आणि कोठवर पोहोचले, याच्या मोजमापावर भर देण्यात आला. आमच्या मते सोलापूरलाही हाच मार्ग योग्य आहे. घराची परिस्थिती मदतीचे प्रमाण ठरविण्यासाठी जाणून घ्यावी. अपेक्षेची उंची कमी करण्यासाठी नव्हे.

शाळा काय करू शकते, याचा दाखला शोधण्यास दूर जावयास नको. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी कन्नड घरांतील मुलांसाठी स्वतः कन्नड शिकून घेतली, पाठ्यपुस्तकातील मजकूर त्यांच्या भाषेत आणला, आणि २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांच्याकडे आला. त्यांच्या गौरवात आपण सारे सामील झालो. मुलाच्या भाषेपर्यंत शिक्षकाने चालत जावे, हा त्या गौरवाचा अर्थ मात्र महापालिकेच्या किती वर्गांत पोहोचला, हे तपासण्याची तसदी कोणी घेतल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

उलट व्यवस्थेचे चक्र विरुद्ध दिशेने फिरते. शिक्षकांची संख्या पटावर ठरते. पट घटला की शिक्षक कमी होतो. सहावी ते आठवीसाठी शिक्षण हक्क कायद्याने विज्ञान-गणित, समाजशास्त्रे व भाषा यांना किमान एकेक शिक्षक सांगितला असला, तरी मग एकालाच दोन विषय ओढावे लागतात. अध्यापन ढिले होते, निकाल उतरतो, आणि ज्यास शक्य आहे तो पालक कर्ज काढून मुलास खासगी शाळेत घालतो. पट पुन्हा घटतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये, शासकीय वा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असल्यास खासगी शाळांना पंचवीस टक्के राखीव प्रवेशांतून मोकळीक देणारी दुरुस्ती शासनाने केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैत ती रद्द ठरविली. गरीब मुलाने केवळ गरिबांतच शिकावे, ही वाट न्यायालयाने अडविली हे इष्टच झाले. कोल्हापूरकडील जे. पी. नाईक ज्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्याने १९६६ सालीच परिसरातील सर्व मुलांसाठी एक समान शाळा सुचविली होती. ती सूचना आपण मध्यमवर्गीयांनीच प्रथम मोडली, हे विसरून चालणार नाही.

महापालिकेकडे आमचे मागणे मोठे नाही. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा सहावीतील प्रत्येक मुलाचे वाचन व गणित तपासून त्याची नोंद व्हावी, आणि आठवीअखेर त्याच मुलाची पुन्हा तपासणी करून दोहोंतील अंतर शाळानिहाय, घरच्या भाषेच्या नोंदीसह, जाहीर व्हावे. मुलांच्या भाषा जाणणारे शिक्षक त्या त्या पेठेतील शाळांत नेमावेत. पट कमी असला तरी विषयशिक्षक काढू नये. संध्याकाळी शाळेच्या दोन खोल्या अभ्यासासाठी उघड्या ठेवाव्यात. दिवाबत्ती व राखणदार यांपलीकडे त्यास खर्च नाही. आठवीतील गरीब व होतकरू मुलांसाठी केंद्र शासनाची शिष्यवृत्ती परीक्षा आहे. उत्तीर्ण व पात्र मुलास नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. तिची तयारी त्याच खोल्यांत करून घेता येईल, आणि त्यासाठी शहरातील निवृत्त शिक्षकांनी आठवड्यातील दोन संध्याकाळ दिल्या, तर ते काम पैशाने होणाऱ्या कामापेक्षा मोलाचे ठरेल.

या शाळांत आपली मुले जात नाहीत, म्हणून त्यांचा निकाल आपला नव्हे, असे समजण्याचा अधिकार या शहरातील करदात्यास नाही. पुढील निकालाच्या वेळी अमुक शाळेचे किती टक्के, एवढेच न विचारता, तेथील मुले सहावीत कोठे होती आणि आठवीत कोठे पोहोचली, हा प्रश्न वाचकांनी आपापल्या नगरसेवकास विचारावा. प्रश्न विचारला जाऊ लागला, तर उत्तर तयार ठेवणे महापालिकेस भाग पडेल.