लाल पट्टी दिसली की लगेच फॉरमॅट कशाला?

रिसोडसारख्या तालुक्याच्या गावात एका लॅपटॉपवर बरंच काही अवलंबून असतं. सेवा केंद्रात त्यावर पीक विम्याचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरले जातात. घरी त्यावरच मुलांचा अभ्यास होतो. तो कमी किमतीचा, १२८ जीबीच्या डिस्कचा असला, तर बघता बघता सी ड्राइव्हची निळी पट्टी लाल होते. मग सल्ला ठरलेला : फॉरमॅट मारा. माझ्या मते बहुतेक वेळा त्याची काहीच गरज नसते. सिस्टिम फाइल्सनी अडवलेल्या जागेपैकी जी सोडता येते ती विंडोज स्वतःच सोडवून देतं. मात्र कोणती फाइल कशासाठी आहे, हे आधी समजून घ्यायला हवं.

पहिला गैरसमज आकड्याचा आहे. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरतात, विंडोज मात्र १०७ कोटी ३७ लाखांच्या वर. म्हणून १२८ जीबीची डिस्क स्क्रीनवर ११९ दिसते. यात कुणी काही चोरलेलं नसतं. त्यानंतर खुद्द विंडोजची जागा येते. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबीची डिस्क लागते. २०१९ पासून नव्या लॅपटॉपवर अपडेटसाठी सुमारे ७ जीबी राखूनही ठेवले जातात. विंडोजच्या फोल्डरात विनएसएक्सएस नावाचं एक फोल्डर असतं. त्याचा आकार पाहून अनेकांना धडकी भरते आणि हात डिलीटकडे जातो. पण त्यातल्या पुष्कळ फाइल्स आणि विंडोजमध्ये इतरत्र दिसणाऱ्या फाइल्स डिस्कवर एकच असतात. एकाच फाइलची दोन नावं दोनदा मोजली गेल्याने आकडा फुगतो. ते फोल्डर हाताने पुसलं तर जागा अपेक्षेपेक्षा कमी सुटेल आणि विंडोज मात्र बंद पडेल.

खरी सुटणारी जागा वेगळीकडे असते. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे अनेकांनी ११ वर उडी घेतली. अशा वेळी जुनं विंडोज 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरात जपून ठेवलं जातं आणि ते १०-२० जीबी सहज अडवतं. साधारण १० दिवसांनी ते आपोआप जातं. नवं विंडोज नीट चालत असेल तर आधीही काढता येतं, फक्त मग मागे फिरता येत नाही. त्यासाठी स्टार्टमध्ये डिस्क क्लीनअप शोधावं, सी ड्राइव्ह निवडावा आणि 'क्लीन अप सिस्टिम फाइल्स' हे बटण दाबावं. हे बटण दाबल्याशिवाय यादीत जुनं विंडोज आणि अपडेटचे अवशेष दिसतच नाहीत. सेटिंग्जमधल्या स्टोरेजखाली, टेम्पररी फाइल्समध्येही हीच सोय आहे. तिथे एक सावधगिरी बाळगावी : त्या यादीत 'डाउनलोड्स' हेही नाव असतं. उतरवून घेतलेले दाखले आणि पावत्या तिथेच साठलेल्या असतात, म्हणून त्यापुढे खूण नाही ना, हे बघूनच पुढे जावं.

हायबरनेशन बंद करा, कित्येक जीबी मिळतील, असंही सांगितलं जातं. हे खोटं नाही. हायबरनेशनची फाइल साधारणपणे रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर ३ जीबीच्या वर. पण बॅटरी अगदी संपत आली की उघडं काम डिस्कवर उतरवून ठेवणारी फाइल हीच. वीज कधी जाईल याचा भरवसा नसेल, तिथे ३ जीबीसाठी अर्धवट टाइप केलेलं काम पणाला लावणं मला पटत नाही. पेजफाइलचंही तसंच, रॅम अपुरी पडली की तीच उपयोगी येते.

यावर कुणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, फॉरमॅटने सगळंच साफ होतं. साफ होतं खरं, पण त्याबरोबर प्रिंटरचा ड्रायव्हर जातो, अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस जाते, श्रीलिपीचे फॉन्ट जातात आणि जुन्या मराठी फाइल्स उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. अपडेट्स पुन्हा उतरतात आणि थोड्याच दिवसांत पट्टी पूर्वीच्या जागी येते. फुकट मिळणाऱ्या क्लीनर सॉफ्टवेअरचा मार्ग तर त्याहून धोक्याचा, कारण ज्या लॅपटॉपवर लोकांच्या आधारच्या प्रती आहेत त्याची सगळी दारं आपण अनोळखी प्रोग्रामला उघडून देतो. विंडोजची वरची सफाई करूनही पट्टी लालच राहिली, तर डिस्कच लहान आहे. फोटो, व्हिडिओ आणि जुने स्कॅन बाहेरच्या डिस्कवर हलवावेत. लॅपटॉपमधली एसएसडी बदलता येण्यासारखी असेल तर मोठी बसवून घ्यावी; अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये मात्र साठवणीची चिप बोर्डावरच पक्की बसवलेली असते, म्हणून नवा घेतानाच दुकानदाराला हे विचारावं.