व्हिएन्नात संगीत शिकायचं तर...

व्हिएन्नात संगीताच्या विद्यार्थ्यांची खरी शाळा संध्याकाळी भरते, स्टेट ऑपेरात उभ्याने! १८६९ साली सुरू झालेल्या या नाट्यगृहात उभं राहून ऐकायची तिकिटं खुर्चीच्या मानाने फारच स्वस्त. पूर्वी जागा मिळाली की कठड्याला स्कार्फ बांधायचा आणि खुशाल भटकून यायचं, जागा तुमचीच असायची. (एसटीतल्या खिडकीतून टाकलेला रुमाल आठवला ना?) पाय दुखतात, आणि वाग्नरचा लांबलचक ऑपेरा असेल तर विचारूच नका.

घरी रियाजाची मात्र पंचाईत. रात्री दहानंतर शेजारी आवाज खपवून घेत नाहीत, म्हणून विद्यापीठातल्या सरावखोल्यांवर सगळ्यांचा डोळा.

सुट्टीला ७१ नंबरची ट्राम पकडा, मध्यवर्ती दफनभूमीच्या दोन नंबर फाटकाशी उतरा. बीथोवन, शूबर्ट, ब्राम्स तिथे शेजारी-शेजारी भेटतात.