फाइल एकाच्या हातात, माहिती दुसरीकडे

उसाचा हंगाम लागला की बीड जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री मागे लाल दिवा नसलेल्या ट्रॉल्या धावतात आणि त्यांच्यामागे हेल्मेट नसलेले मोटारसायकलवाले. डोक्याला जबर मार लागलेला माणूस मग अंबाजोगाईच्या 'स्वाराती' रुग्णालयात जातो, नाहीतर संभाजीनगरच्या घाटीत. टाके निघून तो घरी आला की घरचे म्हणतात, "सुटलो." पण डॉक्टरांशी नीट बोलायची गरज खरी तिथून पुढे लागते.

पहिला गैरसमज 'सीटी स्कॅन नॉर्मल आहे, म्हणजे मेंदूला काही झालं नाही' हा. स्कॅनमध्ये रक्तस्राव, सूज, कवटीचं फ्रॅक्चर दिसतं. मेंदूतले बारीक तंतू ताणले किंवा तुटले असतील तर ते बऱ्याचदा दिसत नाहीत. विसरभोळेपणा, उजेडाचा त्रास, जरा गोंगाट झाला की डोकं उठणं, ही नाटकं नसतात. शिवाय नॉर्मल म्हणजे त्या दिवशी नॉर्मल. म्हाताऱ्या माणसांत कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत जातं आणि कित्येक आठवड्यांनी चाल बिघडते, झोप वाढते. तेव्हा 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो. शांत माणूस घरी आल्यावर ताट भिरकावतो, तेच ते दहादा विचारतो, चारचौघांत नको ते बोलतो. गाव म्हणतं, बाहेरचं लागलं. भावकी म्हणते, माजला. कपाळामागचा मेंदूचा भाग रागाला आवर घालतो. तोच दुखावला की असं होतं, आणि त्यावर उपचार, सराव, समुपदेशन असतं. पण डॉक्टरांना कळायचं कसं? ओपीडीत ते विचारतात, "कसं वाटतंय?" पेशंट म्हणतो, "बरंय." तो खोटं बोलत नसतो. अशा दुखापतीत स्वतःत झालेला बदल स्वतःलाच न कळणं हे सर्रास दिसतं. फाइल घेऊन खुर्चीवर बसलेला मेहुणा दोन दिवसांसाठी आलेला असतो. ज्या बायकोने रात्रभर जागून सगळं पाहिलं, ती दाराशी पदर सावरत उभी. माझं मत विचाराल तर खुर्ची तिला द्यावी. झोप, राग, विसरणं, चक्कर यांत मागच्या खेपेपेक्षा काय बदललं, हे चार ओळींत लिहून नेलं तर गर्दीच्या ओपीडीतही ते वाचून होतं. पेशंटसमोर बोलायचा संकोच वाटला तर तो कागदच पुढे करावा.

गोळ्यांचा गोंधळ वेगळाच. जबर दुखापतीनंतर पहिल्या आठवड्यातल्या फिट टाळायला दिलेली गोळी पुष्कळदा तेवढ्यापुरतीच असते. ज्यांना पुढेही फिट येतात त्यांना ती दीर्घकाळ घ्यावी लागते. एकजण जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून वर्षानुवर्षं घेत राहतो, दुसरा बरं वाटलं म्हणून एकदम सोडतो आणि फिटवर फिट येते. "ही कशासाठी, कधीपर्यंत?" एवढं विचारल्यावर डॉक्टर रागावत नाहीत. दारू किंवा झाडपाल्याचं औषध चालू असेल तर तेही सांगावं. फिट आली तर कांदा, चप्पल हुंगवू नये. कुशीवर वळवावं, तोंडात काही घालू नये, घड्याळ बघावं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन. जवळ दुसरं माणूस असेल तर त्याने मोबाइलवर शूटिंग घ्यावं. डॉक्टरांना ते तोंडी वर्णनापेक्षा उपयोगी पडतं.

'सहा महिन्यांत झालं तेवढं झालं' हेही खरं नाही. सुधारणेचा वेग सुरुवातीला जास्त असतो, पुढे मंदावतो, पण ती दोन वर्षं आणि त्यानंतरही होत राहते. आपल्याकडे अडचण अशी की तपासणीची तारीख हंगामात येते, आणि कुटुंब तेव्हा ऊसतोडीला सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडात असतं. ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेण्याआधीच डॉक्टरांना हे सांगावं. औषधं किती महिन्यांची, तिकडे कुठे दाखवायचं, हे तेव्हाच ठरतं. डिस्चार्ज कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

आणि "कामावर जाऊ का?" असं मोघम विचारू नये, "जा हळूहळू" असंच उत्तर येतं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं असतं, हे सांगितलं तर उत्तर बदलतं.