शिरोग्रीवा परीक्षा, वृद्धांची

वयाच्या साठीनंतर डोके, चेहरा, डोळे, कान, मुख व मान यांची परिचारिकेने केलेली क्रमवार तपासणी म्हणजे वृद्धांची शिरोग्रीवा परीक्षा होय. वयोमानाने होणारे नैसर्गिक बदल आणि रोगाची लक्षणे यांतील फरक ओळखणे, हा तिचा मुख्य हेतू असतो. रोगनिदान हे डॉक्टरांचे काम असले, तरी रुग्णाच्या सहवासात परिचारिका अधिक काळ असल्यामुळे अनेक विकृतींची पहिली चाहूल तिलाच लागू शकते. तपासणीत निरीक्षण, स्पर्शन व श्रवण या पद्धती वापरतात.

पूर्वतयारी : रुग्णाला पाठीला आधार देऊन बसवतात. प्रश्न विचारताना चष्मा व श्रवणयंत्र वापरू देतात. कवळी मात्र मुखपरीक्षेपूर्वी काढून घेतात. परिचारिकेने उजेडात समोर बसून सावकाश व स्पष्ट बोलावे. डोकेदुखी, घेरी, पडणे, गिळताना होणारा त्रास, आवाजातील बदल, वजनातील घट, तंबाखूचे व्यसन आणि चालू औषधे यांविषयी चौकशी करतात.

डोके व चेहरा : केस विरळ होणे व त्वचेवर सुरकुत्या पडणे स्वाभाविक असते. कानशिलाजवळ नव्यानेच उद्‌भवलेले दुखणे, तेथील रोहिणी जाड व दुखरी लागणे आणि चावताना जबडा दुखणे ही लक्षणे रोहिणीच्या दाहयुक्त सुजेची निदर्शक असू शकतात. हा विकार भारतात विरळा असला, तरी उपचारास विलंब झाल्यास कायमचे अंधत्व येऊ शकते. डोक्याला लागलेला किरकोळ मारही दुर्लक्षणीय नसतो. उतारवयात मेंदूच्या आवरणाखाली रक्त हळूहळू साठून काही आठवड्यांनी गुंगी वा बुद्धिभ्रम दिसू लागतो. रक्त गोठू न देणारी औषधे घेणाऱ्यांत हा धोका अधिक असतो. चेहऱ्याची एक बाजू एकाएकी लुळी पडल्यास पक्षाघाताची शक्यता धरून तत्काळ डॉक्टरांना कळवतात.

डोळे व कान : स्वच्छमंडलाच्या कडेने दिसणारे करडे वलय वृद्धांत नेहमी आढळते व त्यामुळे दृष्टीला बाधा येत नाही. याउलट डोळा एकाएकी लाल होऊन तीव्रपणे दुखणे, अंधुक दिसणे व उलट्या होणे ही तीव्र काचबिंदूची लक्षणे असू शकतात [⟶ काचबिंदू]. वार्धक्यातील बहिरेपणात उच्च कंप्रतेचे ध्वनी प्रथम ऐकू येईनासे होतात; म्हणून ओरडून बोलण्यापेक्षा स्पष्ट बोलणे उपयुक्त ठरते. कानात साठलेला मळ हेही ऐकू न येण्याचे एक साधे कारण असते. बहिऱ्या व्यक्तीची असंबद्ध उत्तरे ऐकून तिला बुद्धिभ्रंश झाला, असा समज होऊ नये, यासाठी श्रवणाची तपासणी आधी करतात.

मुख : भारतात तंबाखू व सुपारी खाण्याची सवय व्यापक असल्याने ही तपासणी विशेष महत्त्वाची असते. गालांची आतील बाजू, हिरड्या, जिभेच्या कडा व जिभेखालचा भाग उजेडात पाहून हातमोजा घातलेल्या बोटाने चाचपतात. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा तोंड पूर्ण न उघडणे यांपैकी काहीही आढळल्यास डॉक्टरांकडे पाठवतात. कर्करोगाचा व्रण आरंभी बहुधा दुखत नाही, त्यामुळे रुग्ण स्वतः तक्रार करीलच असे नाही.

मान : मानेची हालचाल रुग्णाला स्वतःच करावयास सांगतात, ती जोराने वळवीत नाहीत. लसीका ग्रंथी दुखऱ्या व सरकणाऱ्या असल्यास बहुधा संसर्ग असतो. कठीण, न दुखणाऱ्या व खाली चिकटलेल्या ग्रंथी कर्करोगाची शंका निर्माण करतात. मंदपणा, बद्धकोष्ठ व थंडी सहन न होणे ही अवटू ग्रंथीच्या न्यूनक्रियेची लक्षणे वार्धक्याची समजून दुर्लक्षिली जातात. ग्रीवा रोहिणीचे स्पंदन एका वेळी एकाच बाजूस, हलक्या हाताने पाहतात. दोन्ही बाजू एकदम दाबल्यास मेंदूचा रक्तपुरवठा घटून मूर्च्छा येऊ शकते.

नोंद : आढळलेल्या गाठीचे वा व्रणाचे स्थान, सेंमी.मधील आकार, कठीणपणा व तारीख लिहून ठेवतात. पुढील तपासणीत झालेला बदल या नोंदीवरूनच कळतो. ‘वयामुळे असे व्हायचेच’ असे गृहीत धरल्यास उपचारसाध्य रोगही हाताबाहेर जातो. म्हणून प्रत्येक नवीन बदलाचे कारण शोधणे आवश्यक असते.