नाण्यांचे तेज आणि त्यांची प्रतवारी

दिवाळीच्या सुमारास देव्हाऱ्यातील उपकरणी घासताना लक्ष्मीपूजनाच्या ताटातील जुने रुपये आणि शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी) यांनाही चिंचेच्या कोळात बुडवून लखलखीत करण्याची रीत अनेक घरांत आहे, आणि तिच्यामागील भावना आदराचीच असते. परंतु घासल्याने नाण्याचे मोल वाढते, हा जो समज त्या रीतीबरोबर रूढ झाला आहे, त्याच्याइतकी हानी जुन्या नाण्यांची चोरांनीही केली नसेल. टांकसाळीत दोन ठशांमध्ये चकती दाबली जाते तेव्हा धातू मध्याकडून कडेकडे सरकतो आणि त्या सरकण्याच्या अतिसूक्ष्म रेषा पृष्ठभागावर राहतात. कोरे नाणे उजेडात तिरपे फिरविले असता त्यावर प्रकाशाची जी पट्टी फिरताना दिसते, ती या रेषांमुळेच. चिंचेतील टार्टारिक आम्ल तांब्यावरील ऑक्साइडाचा थर विरघळविते, राख किंवा पॉलिश त्या रेषाच खरडून नेते, आणि मग जी चकाकी उरते ती घासलेल्या तांब्याभांड्याची असते. गेलेल्या रेषा कोणत्याही उपायाने परत येत नाहीत.

शिवराईवरील काळपट तपकिरी थर मळ समजून काढला जातो, हाही त्याच समजाचा विस्तार होय. धातू आणि हवा यांच्या दीर्घ संयोगातून निर्माण झालेले ते संरक्षक कवच असते, आणि ते खरवडताच उघडा पडलेला धातू नव्याने गंजू लागतो. अपवाद एकच मानावा: फिकट हिरवी, भुसभुशीत भुकटी दिसली तर तो क्लोराइडाचा विकार असून तो धातू पोखरीत जातो, असे नाणे इतरांपासून अलग, कोरड्या जागी ठेवून जतनशास्त्राच्या जाणकारास दाखवावे.

हाताळणीविषयी फार लिहावयास नको. बोटांवरील घामात क्षार आणि आम्ले असतात, त्यांचा ठसा काही काळाने धातूवर कायमचा उमटतो. म्हणून नाणे धरावयाचे ते केवळ कडेने, स्वच्छ कोरड्या हाताने, खाली मऊ कापड अंथरून. नाणे प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले की निश्चिंत झालो, हा समज मात्र सविस्तर खोडून काढण्याजोगा आहे. कारण बाजारात मिळणारी मऊ, पारदर्शक पाने पुष्कळदा पी.व्ही.सी.ची असतात, त्यांतील मऊपणा आणणारी द्रव्ये व विघटनातून सुटणारे आम्ल यांचा नाण्यावर हिरवट, चिकट थर बसतो, आणि कोकण-गोव्याच्या दमट हवेत त्यास अधिकच वाव मिळतो. पॉलिएस्टरची पाकिटे आणि डब्यात सिलिका जेलची पुडी हा साधा बंदोबस्त आहे.

आता प्रतवारीकडे वळू. नाण्याची पारख आपल्याकडे नवी नाही. मराठ्यांच्या अमलात पोतदार नाणे पारखीत, आणि झिजलेल्या वा हिणकस नाण्यावर बट्टा कापला जाई. पोतदारास जाणून घ्यावयाचे असे ते धातूचे वजन आणि कस. आजच्या परीक्षकास पाहावयाचे असते ते टांकसाळीतून निघालेल्या पृष्ठभागाचे किती रूप शिल्लक आहे ते. त्यासाठी 1 ते 70 हे अंक वापरले जातात, आणि ते शेकडेवारीसारखे वाचले जातात, ही मोठी चूक होय. विल्यम शेल्डन यांनी 1949 साली अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी ही मोजणी योजिली, तेव्हा 70 अंकाच्या नाण्यास 1 अंकाच्या नाण्याच्या सत्तरपट किंमत यावी, असा तिचा आधार होता. किमतींचे ते प्रमाण टिकले नाही, अंक मात्र राहिले. आज 60 आणि त्यापुढचे अंक चलनात न फिरलेल्या नाण्यांसाठी राखलेले आहेत. पी.सी.जी.एस. आणि एन.जी.सी. या अमेरिकी संस्था अनुक्रमे 1986 आणि 1987 पासून परीक्षकांचा अभिप्राय घेऊन नाणे कठीण आवरणात मोहोरबंद करतात. घासलेल्या नाण्यास मात्र सामान्यतः अंक न देता तो दोष शब्दांत नोंदवितात. अंक हा अभिप्रायच आहे, निवाडा नव्हे: तेच नाणे पुन्हा पाठविल्यास अंक बदलू शकतो. शिवाय खोटी आवरणेही निघतात, म्हणून आवरणावरचा क्रमांक संस्थेच्या नोंदीशी ताडून पाहिल्याविना खरेदी करू नये.

हातोड्याने पाडलेल्या नाण्यांना हीच मापे सरसकट लावणे अन्यायाचे आहे. शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असतात. ठसा चकतीपेक्षा मोठा असल्याने त्यांतील काही कडेबाहेर जातात, आणि ती झीज नव्हे. तसेच ती अक्षरे शिवकालाचा पुरावाही नव्हेत, कारण त्या नावाची नाणी पेशवाईतही पडत राहिली. जुनेपणावरून दुर्मिळताही ठरत नाही: 1862 सालचा रुपया जुना असूनही विपुल आहे, कारण तोच सनावळीचा आकडा 1874 पर्यंत चालविला गेला. 1939 सालचा चांदीचा रुपया त्याहून कितीतरी अलीकडचा, पण दुर्मिळ.

आजोबांची शिवराई परदेशी पाठवून अंक मिळवावा, असे वाटणाऱ्यांनी एक कायदा लक्षात ठेवावा. 1972 च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते, आणि खाजगी व्यक्तीस तिच्या निर्यातीची मुभा नाही. नांगराच्या फाळाला नाण्यांचे मडके लागले, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या अशा ठेव्याची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते. तोवर नाणी धुऊ नयेत, वाटून घेऊ नयेत आणि मडक्यातली माती टाकू नये, कारण कोणती नाणी कोणत्या नाण्यांसोबत पुरली गेली, यावरून अभ्यासकांना त्या ठेव्याचा काळ ठरविता येतो.