अल्लीपूरच्या शाळेतून इंग्रजीच्या शिक्षकपदाकडे

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातलं अल्लीपूर म्हणजे कपाशी, तूर नि सोयाबीनचा मुलूख. इथल्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला इंग्रजीची शिक्षिका व्हायचं असेल, तर मराठी माध्यमाचा न्यूनगंड तिनं आधी सोडावा. मराठी माध्यम हीच तिची मोठी जमेची बाजू आहे.

कोणत्या वर्गाला शिकवायचं?

हे बारावीतच ठरवावं. पहिली ते पाचवीसाठी दोन वर्षांचं डी.एल.एड. लागतं, बी.एड. तिथे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे. वरच्या वर्गांसाठी इंग्रजी विषय घेऊन पदवी आणि बी.एड.; अकरावी-बारावीसाठी इंग्रजीत एम.ए. आणि बी.एड. बी.एड.चा प्रवेश सीईटीतून होतो.

टीईटी आणि टेट

नावं सारखी वाटली तरी परीक्षा वेगळ्या. पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, हवी. ती १५० गुणांची असते आणि खुल्या प्रवर्गाला त्यात ६० टक्के लागतात. मराठी आणि इंग्रजीवर प्रत्येकी ३० प्रश्न असतात, म्हणजे दोन्ही भाषा पक्क्या हव्यात. सहावी ते आठवीच्या पेपरात कला शाखेच्या उमेदवाराने सामाजिक शास्त्राचा पर्याय घ्यावा.

टेट ही अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: दोन तासांत २०० प्रश्न. पास-नापास नाही, मिळालेल्या गुणांवर ‘पवित्र’ पोर्टलवरून भरती होते. अडचण अशी की ही चाचणी २०१७ नंतर थेट २०२३ मध्ये आणि मग २०२५ मध्ये झाली. शिकवण्याची मनापासून ओढ असलेली कितीतरी मुलं या वाट पाहण्यातच खचतात. हे मला फार अन्यायाचं वाटतं.

खरी तयारी वर्गातली

बी.एड.च्या सराव पाठात एक साधा प्रयोग करून पाहावा. तीन मुलांच्या हातात ‘आय’, ‘टू मार्केट’, ‘गो’ अशा चिठ्ठ्या द्याव्यात आणि त्यांना ‘मी बाजारात जातो’ या क्रमाने उभं करावं. मग शेवटच्या ‘गो’ला मधे आणावं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इंग्रजीत कर्त्यालगत, हे पोरांना डोळ्यांनी दिसतं. व्याकरणाची व्याख्या नंतर सांगितली तरी चालते. मूल कुठे अडखळेल, हे मराठीतून इंग्रजीकडे आलेल्या शिक्षकाला आधीच कळतं. कारण तो स्वतः तिथेच अडखळलेला असतो.

मातृभाषेच्या आधारे शिकण्याचा विचार या जिल्ह्याला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यातच गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली होती. सात वर्षांचं मोफत, सक्तीचं शिक्षण मातृभाषेतून द्यावं, असं तिनं ठरवलं. इंग्रजीच्या शिक्षकाने हा विचार परका मानू नये. मातृभाषेत पाया भक्कम असलेलं मूल दुसरी भाषा निर्धास्तपणे उचलतं.

भरतीची वाट पाहणाऱ्यांनो, तोवर संध्याकाळी गल्लीतल्या चार-पाच पोरांना घेऊन बसा. त्यांचंच इंग्रजीचं पाठ्यपुस्तक घ्या, रोज एक पान मोठ्याने वाचून घ्या.